सुट्टीच्या दिवशी सांगायची बातमी

कवळ्या बनवण्याच्या त्या कारखान्यात तिला सगळे मेणवाली म्हणत. कारखाना म्हणायचं आपलं. खरं तर दोन खोल्या, एक मोरी आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले प्लास्टरचे जबडे. दातांच्या डॉक्टरांकडून लोकांच्या तोंडाचे साचे यायचे आणि मेणवाली स्पिरिटच्या दिव्यावर सुरी तापवून मेणाच्या हिरड्यांत एकेक दात बसवायची. दिवसभर दुसऱ्यांची तोंडं उघडी करून द्यायची, आणि स्वतःच्या तोंडात मात्र त्या दिवसांत तिनं मिठाची गुळणी धरली होती. काय करणार? सांगण्यासारखं अजून काही झालं नव्हतं, आणि न सांगण्यासारखं बरंच होतं.

डॉक्टरीणबाईंनी या खेपेला अंडं फुटण्याचं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर नवरा-बायकोनं काय करायचं आणि कधी करायचं, तेही समजावलं होतं, जणू लग्नाला इतकी वर्षं झालेली ही दोघं काल भेटली होती. आता रक्ततपासणीच्या तारखेपर्यंत काही करायचं नव्हतं. नुसती वाट बघायची. वाट बघण्याइतकं अवघड काम जगात दुसरं नाही, आणि ते करणाऱ्याला लोक वर विचारतात, सध्या काय करतेस?

तर या रिकाम्या दिवसांत करायला एक काम तिला दवाखान्याच्या बाकावर मिळालं. शेजारी बसलेल्या जाड चष्म्याच्या बाईनं ते दिलं. ती बाई या दवाखान्यात इतकी मुरली होती की कंपाउंडरही तिला विचारून पंखा लावायचा.

"घरी पट्टीवर टेस्ट करशीलच तू, सगळ्याच करतात," ती म्हणाली. "पण एक लक्षात ठेव. दिवस राहिल्यावर अंगात जे तयार होतं ना, तेच त्या इंजेक्शनमध्ये असतं. त्यामुळे सुरुवातीला पट्टीवर दोन रेघा येतात. दुसरी रेघ खोटी. भुलायचं नाही."

"मग खरी कधी कळणार?"

"रोज सकाळी बघायचं. रेघ फिकट होत होत पार गेली, म्हणजे इंजेक्शन उतरलं. त्यानंतर पुन्हा उमटली, तर ती तुझी."

हे शहाणपण होतं की छळ, ज्याचं त्यानं ठरवावं. मेणवालीनं मात्र औषधांच्या दुकानातून पट्ट्यांचं पाकीट आणलं आणि न्हाणीघरातल्या आरशामागे लपवलं. रोज सकाळी नवरा उठायच्या आत ती खिडकीच्या उजेडात पट्टी धरायची. पहिल्या सकाळी दुसरी रेघ ठसठशीत होती, कुंचल्यानं ओढल्यासारखी. खोटी आहे, खोटी आहे, असं ती स्वतःला बजावत राहिली, आणि तरी तिला हुंदका आला. इतक्या वर्षांत तिच्या पट्टीवर दोन रेघा कधी दिसल्याच नव्हत्या. खोट्या म्हणूनसुद्धा नाहीत.

तिनं पट्टी कागदात गुंडाळली, कचऱ्याच्या डब्यात खोल दडपली आणि कामावर गेली. आणि तिथंच ती फसली. कारण त्यांच्या घरी कचऱ्याचा डबा खाली नेण्याचं काम नवऱ्याकडे होतं. पुढच्या पट्ट्या तिनं कामाच्या वाटेवरच्या कुंडीत टाकल्या, पण ही पहिली डब्यातच राहिली.

नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. गावभरच्या लोकांना वर-खाली नेणारा हा माणूस स्वतः तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या इमारतीत राहायचा आणि यावर कुणी विनोद केला की आपणच आधी हसायचा. बोलका माणूस. पण गेल्या खेपेला तपासणीचा निकाल 'नाही' आला तेव्हा त्यानं हाय खाल्ली. आठवडाभर घरात त्याचा आवाज ऐकू आला नाही. मग एका संध्याकाळी त्याच्याबरोबर काम करणारा लंबू एकटाच दारात येऊन उभा राहिला. लंबू उंचीनं नवऱ्याच्या खांद्याला लागायचा, म्हणून लंबू.

"वहिनी, मी आलो होतो हे त्याला सांगू नका," लंबू म्हणाला. त्यानं पाणीसुद्धा घेतलं नाही. "आज तो लिफ्टच्या टपावर चढला आणि लाल स्विच दाबायला विसरला."

"म्हणजे?"

"टपावर पाय ठेवायच्या आधी तो स्विच दाबायचा, म्हणजे लिफ्ट हलत नाही. हे आम्ही झोपेतसुद्धा विसरत नाही. वरच्या मजल्यावर कुणीतरी बटण दाबलं आणि लिफ्ट त्याला घेऊन वर निघाली. वर छत असतं, वहिनी. मी मशीनच्या खोलीत होतो, मी मेन बंद केला. त्याच्या डोक्यावर एवढी जागा उरली होती." लंबूनं हातानं दाखवली. मग तो हात लपवल्यासारखा खिशात घातला. "पुढच्या वेळी वाईट बातमी असली, तर त्याला सुट्टीच्या दिवशी सांगा. माझी एवढी विनंती आहे."

ती जागा मेणवालीच्या डोळ्यांसमोरून कधी गेली नाही. मेणात दात बसवतानाही ती दिसायची, खालचा जबडा आणि वरचा जबडा यांच्यामध्ये.

नवऱ्याला पट्टी सापडली हे तिला त्याच्या शिट्टीवरून कळलं. कळलं म्हणजे आधी नुसती पाल चुकचुकली. जिन्यातून शिट्टी वाजवत तो वर आला, तिच्या हातातली पिशवी काढून घेतली आणि म्हणाला, "तू बस."

"का?"

"का म्हणजे? माणसानं बसू नये का?"

दुसऱ्या दिवशी त्यानं न्हाणीघराची फरशी घासली, पाय घसरू नये म्हणून. माळ्यावरचे डबे खाली आणून ठेवले. तिला स्टुलावर चढू देईना. कपाळाला आठी नाही, कशावरून तक्रार नाही. रात्रीच्या जेवणात तिला तूप जरा जास्तच वाढलं आणि स्वतःशीच हसला. असा नवरा मिळावा म्हणून बायका देव पाण्यात घालून बसतात, आणि ही बाई त्याच्याकडे बघून आतल्या आत गार पडत होती.

मग धुवायच्या कपड्यांत त्याचा कामाचा सदरा हातात आला. खिसे तपासायची तिला सवय होती. स्क्रू, वायरचे तुकडे, काही ना काही निघायचंच. या वेळी काळ्या चिकटपट्टीत नीट गुंडाळलेलं काहीतरी निघालं. एका बाजूला त्यानं खिडकीसारखी फट ठेवली होती आणि त्या फटीतून दोन रेघा दिसत होत्या.

ती तिथंच बादलीच्या काठावर बसली. त्याला वाटत होतं, तिला दिवस राहिले आहेत. त्याला वाटत होतं, ती तपासणीच्या दिवशी आपल्याला चकित करणार आहे, म्हणून गप्प आहे. आणि ती बातमी सांगण्याचा आनंद तिलाच मिळावा म्हणून हा भला माणूस आपल्याला काहीच माहीत नसल्याचं सोंग वठवत होता. सोंग इतकं वाईट होतं की एखाद्या परक्यालाही कळलं असतं.

तिनं ते पुडकं पुन्हा खिशात घातलं आणि सदरा न धुताच खुंटीला लावला.

सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. कुणीही म्हणेल. पण तो सकाळी निघायचा तो थेट कुठल्यातरी इमारतीच्या अंधाऱ्या पोकळीत उतरायला, आणि लंबूनं दाखवलेली ती जागा तिच्या डोळ्यांपुढे यायची. सुट्टीच्या दिवशी सांगू, तिनं ठरवलं. सुट्टीला अजून अवकाश होता. तोवर तिला एकच करायचं होतं: त्याचा आनंद उघड्या डोळ्यांनी बघायचा.

रोज सकाळी रेघ थोडी फिकी व्हायची. ठसठशीत होती ती गुलाबी झाली, गुलाबी होती ती पुसट. आणि रोज सकाळी दाराबाहेर शिट्टी कालच्यापेक्षा वरच्या सुरात चढायची. आत एक उतरत होतं, बाहेर एक चढत होतं, आणि मध्ये पातळ दाराला पाठ लावून ती उभी असायची. नवरा दार ठोठावायचा. "बरी आहेस ना? घाई नाही हं, सावकाश ये."

एकदा त्यानं पोळी मोडता मोडता विचारलं, "आपल्याला मोठं घर बघायला हवं का गं? म्हणजे आपलं उगीच. जिने जास्त होतात."

"कुणाला?"

"मला," तो म्हणाला. "गुडघे दुखतात." आणि त्याचे कान लाल झाले.

कारखान्यात तिनं मालकांना सांगून आपलं टेबल खिडकीशी हलवलं. हिरड्यांच्या गुलाबी भुकटीत जे पातळ रसायन मिसळतात त्याचा वास डोक्यात जातो, एवढंच कारण दिलं. मालक वयस्कर, अंगानं आडवे, आणि स्वतःच्या कवळीनं कायम हैराण असलेले गृहस्थ. त्यांनी दुपारी तिनं बसवलेली कवळी उचलून बघितली आणि म्हणाले, "मेणवाले, हा माणूस हसला तर डावीकडे रडल्यासारखा दिसेल. काय झालंय?"

"काही नाही."

"मग पुन्हा बसव," ते म्हणाले. तिनं सगळे दात काढले आणि पुन्हा बसवले.

सुट्टीचा दिवस उजाडला. ती उठली, पट्टी उजेडात धरली. एकच रेघ. तिनं डोळे चोळले, पट्टी तिरकी केली, खिडकीच्या आणखी जवळ नेली. दुसरीच्या जागी काहीच नव्हतं. खोटी रेघ होती, जाणारच होती, ती गेली. यात रडण्यासारखं काय होतं? तरी तिला वाटलं, कुणीतरी घर सोडून गेलंय.

तिनं चहा केला. नवरा पायजम्यात, अंगठा कपात बुडवून चहा किती गरम आहे ते बघत होता. नेहमीची घाणेरडी सवय. ती समोर बसली.

"ऐक ना. मला तुला काही सांगायचंय."

त्यानं कप खाली ठेवला. त्याचा चेहरा एकदम उजळला. आणि नेमका फोन वाजला. एका उंच इमारतीत दोन मजल्यांच्या मध्ये लिफ्ट अडकली होती, आत माणसं होती. लंबू निघाला होता. नवरा उठला, पायजम्यावरूनच विजार चढवली.

"थांब, दोन मिनिटं," ती म्हणाली. "आज सुट्टी आहे तुझी."

"आत म्हातारी माणसं आहेत गं. आल्यावर बोलू." दारात तो वळला आणि त्यानं डोळा मिचकावला. "तसं मला माहीत आहे काय सांगणार आहेस ते."

जिन्यावरून शिट्टी उतरत गेली. ती ऐकत राहिली.

दुपार झाली तरी तो आला नाही. अडकलेली माणसं बाहेर काढायला इतका वेळ लागत नाही, हे तिला एवढ्या वर्षांत माहीत झालं होतं. तिनं फोन केला. वाजून वाजून बंद झाला. लंबूलाही केला. तोही उचलेना. तिनं स्वयंपाक झाकला, पुन्हा उघडला, पुन्हा झाकला. मग चपला घातल्या.

इमारत तिला माहीत होती. रस्ता सुट्टीचा, अर्धी दुकानं बंद. ती चालत होती की पळत होती, तिला कळत नव्हतं. लांबूनच तिला इमारतीच्या दाराशी माणसं दिसली. आठ-दहा जण, घोळका करून, सगळे वर बघत. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लिफ्टच्या दारावर 'काम चालू आहे' अशी पाटी लटकत होती, दार अर्धवट उघडं, आत काळोख.

"काय झालं?" तिनं विचारलं.

"तो लिफ्टवाला," एक बाई म्हणाली. "आमची माणसं तर काढली त्यानं. मग वर टपावर काहीतरी करत होता, आणि..."

मेणवालीनं पुढचं ऐकलंच नाही. ती जिना चढू लागली. प्रत्येक मजल्यावर लिफ्टचं बंद दार, प्रत्येक दाराला कान लावावासा वाटे आणि हिंमत होत नसे. मनात एकच: मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर. मी पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर.

सगळ्यात वर, मशीनच्या खोलीबाहेर, लंबू भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या हातात स्वतःचा आणि नवऱ्याचा, दोन्ही फोन होते. पायरीवर नवरा बसला होता. हातपाय धड, डोकं जागेवर. तिनं कठडा धरला.

"मीच त्याला टपावरून धरून काढला," लंबू हळूच म्हणाला. "स्विच दाबलेला होता, वहिनी. सगळं बरोबर केलं होतं त्यानं. पण फोन केला कुणालातरी, आणि मग तिथंच बसला. उतरेचना. तुमचा फोन वाजत होता, पण काय सांगू?" आणि तो चार पायऱ्या खाली जाऊन उभा राहिला.

नवऱ्यानं मान वर केली. "दवाखान्यात फोन केला होता," तो म्हणाला. "सिस्टरला विचारलं, तीन मजले चढले तर चालतं का. म्हटलं, तुझी बातमी आल्यावर लगेच घर बघायला लागावं. ती म्हणाली, कशाला चालणार नाही? मी म्हटलं, पट्टीवर दोन रेघा आल्यात. तर ती म्हणते..."

"इंजेक्शनमुळे येतात," मेणवाली म्हणाली.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"पहिल्यापासून?"

"हो."

तो तिच्याकडे बघत राहिला. तिला वाटलं, आता ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं.

"मी शिट्ट्या वाजवत होतो," तो म्हणाला. "तू आत एकटी ती रेघ पुसली जाताना बघत होतीस, आणि मी दाराबाहेर शिट्ट्या वाजवत होतो. मला हे करू दिलंस तू?"

"तू पडशील म्हणून."

"कुणी सांगितलं तुला?" मग त्यानं लंबूच्या पाठीकडे बघितलं, आणि त्याला कळलं. लंबूनं मान आणखी खाली घातली. "म्हणजे तुम्ही दोघं मला सांभाळत होतात. आणि तुला कोण सांभाळत होतं?"

ती त्याच्या शेजारी पायरीवर बसली. तिला त्याचा राग आला, स्वतःचा आला, त्या चष्म्याच्या बाईचा आला, आणि सगळे राग संपल्यावर खाली नुसती भीती उरली, ती पहिल्यापासून होती तीच.

"अजून निकाल लागलेला नाही," ती म्हणाली. "आज कोरी आहे, एवढंच."

"उद्या मी बघणार," तो म्हणाला. "तुझ्याबरोबर."

त्यानंतर रोज सकाळी ती दोघं त्या अरुंद न्हाणीघरात खांद्याला खांदा लावून उभी राहिली. कोरी. कोरी. एकदा त्याला वाटलं, आहे काहीतरी. तिनं पट्टी वळवून दाखवली, ती खिडकीच्या गजाची सावली होती. दोघंही हसली नाहीत. रक्ततपासणी तोंडावर आली होती आणि घरात आता शिट्टी नव्हती, नाटक नव्हतं, नुसतं वाट बघणं होतं, आणि ते दोघांत वाटल्यानं कमी झालं असं काही म्हणता येणार नाही.

तपासणीची वेळ आलीच नाही. एका सकाळी, तो दाराशी बसून बूट चढवत असताना तिला आतून कळ आली. ती न्हाणीघरात गेली. लाल डाग दिसला. आज कामाचा दिवस होता. सुट्टीला अवकाश होता. गप्प राहणं सोपं होतं, तिला ते चांगलं जमत होतं, आणि लंबूनं दाखवलेली ती जागा पुन्हा डोळ्यांपुढे आली.

"ऐकलंस का," तिनं आतूनच हाक मारली. "पाळी आली."

तिनं दार उघडलं. एका पायात बूट घालून तो तसाच बसला होता.

"मी आज जाऊ की नको?" त्यानं विचारलं.

"मला भीती वाटते."

"मलाही." त्यानं दुसरा बूट उचलला. "पण आज गेलो नाही तर परत कधी टपावर पाय ठेवता येईल, मला माहीत नाही." त्यानं नाडी बांधली, सोडली, पुन्हा बांधली. मग तो गेला. आणि तिनं त्याला जाऊ दिलं. आयुष्यात तिनं याहून अवघड काही केलं असेल असं वाटत नाही.

कारखान्यात तिनं दिवा पेटवला. सुरी तापवली. एका म्हातारीची कवळी होती, समोरचे सहा दात. दुपारी दुसरा दात बसवत असताना टेबलावरचा फोन थरथरला. लंबूचं नाव होतं.

लंबू. तो नाही, लंबू.

तिच्या बोटांत मेण गार झालं. फोन सरकत सरकत टेबलाच्या कडेला आला. मालकांनी वर बघितलं. "उचल," ते म्हणाले. मग तिचा चेहरा बघून जरा हळू, "मेणवाले, उचल गं."

तिनं उचलला.

"मी बोलतोय," नवऱ्याचा आवाज आला. "माझा फोन घरी राहिला. काम झालं. मी खाली आहे, जमिनीवर. लंबू समोर बसलाय. तू उभी आहेस की बसलीयस?"

"बसलेय."

"सुरीबिरी हातात नाही ना?"

तिनं सुरी खाली ठेवली. "नाही."

"बरं," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज फुटला. "मग आता रडूया."

मालकांनी उठून दिवा विझवला आणि बाहेर जाऊन दार लोटून घेतलं.